आठव्या पायरीपर्यंतचं पाणी

आमचे गणिताचे सर वर्गात कुणालाच नावानं हाक मारत नसत. हजेरीपटातला नंबर घ्यायचे आणि त्याच्या आधी 'अहो' लावायचे. मी चार नंबर. "अहो चार नंबर, जरा फळ्याकडे या." बारावीच्या पोरांना अहो-जाहो करणारा मास्तर आमच्या भागात दुसरा नव्हता. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं, अशानं पोरं डोक्यावर बसतील म्हणाले. सर म्हणाले, "गणितात कोण कधी आपल्या पुढं निघून जाईल सांगता येत न्हाई. मंग एकाएकी अहो म्हणायची लाज वाटती. म्हणून आधीपासूनच म्हणून राह्यलो."

जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमचं गाव अंबडहून घनसावंगीकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. गावाच्या मानानं शाळा मोठी, कारण आसपासच्या दहा-बारा गावांत अकरावी-बारावीचं सायन्स फक्त आमच्याकडं होतं. बारावीच्या गणिताला आम्ही नऊ जण होतो. त्यात मुली दोन, आणि आमच्या बौद्ध वस्तीतून बारावीपर्यंत आलेली मुलगी मी एकटी.

सर मूळचे जालन्याचे. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, त्यामुळं मराठी बोलता बोलता हिशेब करायची वेळ आली की आपोआप उर्दूत शिरायचे. फळ्यावर आकडे इंग्रजी, तोंडानं मात्र "जर्ब... जर्ब... तक्सीम." जर्ब म्हणजे गुणाकार आणि तक्सीम म्हणजे भागाकार, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, ऐकून ऐकून कळलं. माझ्या एका वर्गमित्रानं चाचणीत भागाकाराच्या चिन्हाऐवजी चुकून तक्सीम असं लिहिलं, तर सरांनी त्याला अर्धा मार्क जास्त दिला.

पेपर तपासायची त्यांची रीत उलटी होती. उत्तर चुकलं असेल तर जिथं चुकलं तिथं रेघ मारून लिहायचे, "इथपर्यंत शाब्बास." उत्तर बरोबर असेल तर समासात एकच शब्द, "कशावरून?" त्यामुळं पैकीच्या पैकी मार्क मिळालेलं पोरगंही तोंड पाडून बसायचं. सूत्र पाठ करून लिहिलेलं त्यांना अजिबात चालत नसे. "ह्याचा जन्मदाखला कुठंय?" असं विचारायचे. सूत्र कुठून आलं, कुणाच्या पोटी आलं, ते सांगता आलं तरच ते वापरायची परवानगी.

ते सरपंचांच्या जुन्या गोठ्यामागच्या खोलीत भाड्यानं एकटे राहायचे. बायको-मुलं जालन्याला. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला की आधी भाकरी पाटीवर ठेवायची, बाजूला फूटपट्टी, आणि सुरीनं सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. कापून झाल्या की एकेक पट्टी मोजून खायची. आठवीतली पोरं खिडकीतून बघून हसायची. आम्हाला पुढं कळलं, गोल भाकरीचं क्षेत्रफळ पट्ट्यांवरून किती अचूक निघतं हे ते रोज बघत होते. भाकरी कधीच पक्की गोल नसती, ही त्यांची शेवटपर्यंत तक्रार होती.

गावात त्यांचं नाव झालं ते एका लग्नात. सरपंचांच्या पुतणीचं लग्न. बुंदीचे लाडू आचाऱ्यानं मांडवाच्या कोपऱ्यात शिगेला रचलेले, तळाला दहा ओळी दहाच्या, त्यावर नऊ ओळी नऊच्या, असं करत करत टोकाला एक. वऱ्हाड अपेक्षेपेक्षा जास्त आल्तं, आणि लाडू पुरतील का यावरून आतल्या खोलीत बायकांची घालमेल चालली होती. सर पंगतीच्या कडेला उभे होते. ढिगाकडं बघून म्हणाले, "तीनशे पंच्याऐंशी." आचारी म्हणाला, मोजल्याबिगर कसं काय? सर म्हणाले, "दहा जर्ब अकरा जर्ब एकवीस, तक्सीम सहा. बिलकुल बराबर." आचारी हट्टी, त्यानं वाढता वाढता मोजले. तीनशे पंच्याऐंशीच निघाले. त्या दिवसापासून गावानं ठरवून टाकलं की ह्या माणसाच्या डोक्यात काहीतरी आहे. ते चांगलं आहे की बिघडलेलं, यावर एकमत नव्हतं.

बिघडलेलं, असं म्हणणाऱ्यांची संख्या आमच्या बारावीच्या वर्षी वाढली. दिवाळीनंतर सरांनी इंटिग्रेशन सुरू केलं. इतर कॉलेजांत हा धडा कसा सुरू होतो ते आम्हाला अंबडच्या पोरांकडून कळत होतं. एक्सचा वर्ग दिला असेल तर घात एकानं वाढवा, त्याच आकड्यानं भागा, वरची-खालची किंमत घालून वजाबाकी करा. दोन ओळींत उत्तर. आमचे सर ती रीत सांगायलाच तयार नव्हते. ते म्हणायचे, वक्र रेषेखालची जागा मोजायची आहे ना, मग आधी पट्ट्या पाडा. पाच पट्ट्या पाडा, दहा पाडा. प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ काढा, बेरीज करा. मग पट्ट्या एन पाडा. बेरजेत एक ते एनच्या वर्गांची बेरीज येईल, तिचं सूत्र तुम्हाला माहीत आहे, ते घाला, आणि एन वाढवत न्या. काय उरतं ते सांगा. एक्सला चार दिवस, एक्सच्या वर्गाला आठ दिवस, घनाला आणखी आठ. वह्यांच्या वह्या भरल्या.

परीक्षेत ह्यावर फार तर एक प्रश्न यायचा. पालक चिडले. सरपंचांचा मुलगा आमच्याच वर्गात होता, त्यामुळं सरपंच स्वतः चार जणांना घेऊन मुख्याध्यापकांकडं गेले. मुख्याध्यापकांनी सरांना लेखी मेमो दिला, की अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होत नसल्याबद्दल खुलासा करावा. सरांनी त्याच कागदाच्या मागं खुलासा लिहिला: "उतरायला वेळ लागतो. पडायला लागत नाही." मुख्याध्यापकांनी तो कागद फायलीत लावला आणि कपाट बंद केलं.

खरं सांगायचं तर मीही वैतागले होते. माझे बाबा आणि धाकटा भाऊ दसऱ्यानंतरच उसाच्या फडावर गेले होते. आई फक्त माझ्या बारावीपायी गावात थांबलेली. मला पटापट धडे संपवून पास व्हायचं होतं. पट्ट्या मोजण्यात माझा जीव रमत नव्हता.

मग एका शनिवारी सर आम्हा नऊ जणांना घेऊन गावाच्या बारवेवर गेले.

आमची बारव जुनी, चौकोनी, दगडी. चारी बाजूंनी पायऱ्या खाली उतरत जातात. प्रत्येक पायरी एक फूट उंच आणि एक फूट रुंद. मूळ बांधणीत तळाशी दोन फुटांचा चौकोन, आणि वर येताना दर पायरीला चौकोनाची बाजू दोन फुटांनी वाढते. पायऱ्या आम्ही तळापासूनच मोजतो. पहिल्या पायरीच्या काठाला बाजू दोन फूट, दुसरीच्या चार, तिसरीच्या सहा. त्या साली पाऊस असा नव्हताच, बारव डिसेंबरातच कोरडी ठाक पडली होती. सर तळाशी जाऊन उभे राहिले आणि खालून ओरडले, "अहो दोन नंबर, पाणी पहिल्या पायरीइतकं भरलं तर किती?"

"दोन गुणिले दोन, चार घनफूट, सर."

"दुसरीपर्यंत?"

"त्यात चार गुणिले चार मिळवायचे. वीस."

"तिसरीपर्यंत?"

असं करत आम्ही हिशेबात एकेक पायरी वर चढत गेलो, आणि विसाव्या पायरीवर पोचेपर्यंत कळलं की हे लाडवांचंच गणित आहे. वर्गांची बेरीज, चारपट. मग सरांनी खालच्या पायऱ्यांकडं बोट केलं. तळाच्या सहा पायऱ्या फार पूर्वीच तुटलेल्या, आणि कुणीतरी चुना-सिमेंट घालून तिथं थेट तळाच्या टोकापर्यंत गुळगुळीत उतार करून टाकलेला. "इथं पायऱ्याच न्हाईत. आता?"

मग सरच म्हणाले, "पायऱ्या न्हाईत तर मनात पाडा. सहाच्या जागी बारा पाडा, निम्म्या उंचीच्या. मंग साठ. मंग सहाशे. इतक्या बारीक, की पाय ठेवला तर घसरावा. तवा काय होईल?"

मी म्हणाले, "उतार होईल, सर."

"त्या उताराचं जे उत्तर येतं ना, त्याला इंटिग्रल म्हणतात. चला, भूक लागली."

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे मला दिसतंय. वहीतल्या पट्ट्या मला दिसत नव्हत्या, बारवेचा उतार दिसला. जानेवारीत सरांनी ती दोन ओळींची सोपी रीतही सांगितली. पुरे दहा मिनिटं लागली. "घ्या. ह्याचा जन्म तुम्ही डोळ्यानं बघितलाय, आता बिनधास्त वापरा."

त्याच महिन्यात गावाला टँकर सुरू झाले. पाण्याचे ट्रक अंबडकडून यायचे आणि बारवेत सोडायचे. मागं रंगवलेलं असायचं, दहा हजार लिटर. रोज तीन खेपा मंजूर. सकाळी टँकर रिकामे होईपर्यंत कुणी पाण्याला हात लावायचा नाही, दुपारी सगळ्या गावानं ओळीनं भरायचं, असा नियम. त्यावर लक्ष ठेवायला ग्रामपंचायतीनं माझ्या आईला ठेवलं. आईचं नाव शेवंताबाई. तिला लिहिता येत नव्हतं. एक टँकर रिकामा झाला की ती बारवेच्या कठड्यावर कोळशानं एक रेघ ओढायची. रोजच्या रेघा शेजारी शेजारी.

तीन आठवड्यांत बोंब सुरू झाली. पाणी पुरत नव्हतं. घराला दोन घागरी, आणि शेवटच्या घरांना तेवढंही नाही. ठेकेदाराच्या वहीत रोज तीन खेपा लिहिलेल्या. आईच्या कठड्यावर रोज दोन रेघा.

सरपंचांनी तिला चावडीसमोर बोलावलं. मी बरोबर होते.

"शेवंता, वहीत तीन हाईत. तू दोन म्हणती. मंग तिसऱ्याचं पाणी कुठं गेलं?"

"तिसरा आलाच न्हाई, सरपंच. आला असता तर म्या रेघ वढली असती."

"तुझी वस्ती बारवेला लागून हाय. लोकं म्हणून राह्यले, सकाळी सकाळी तुमची माणसं भरून नेतात, आणि तू रेघ कमी वढती."

आई पदर दातात धरून उभी राहिली. मी आईला रागावलेली, दमलेली, रडलेली अशी बघितली होती. इतकी ताठ उभी राहिलेली मात्र कधी बघितली नव्हती.

तहसिलातून एक तरुण इंजिनिअर साहेब जीपनं चौकशीला आले. माणूस सरळ होता, कुणाच्या बाजूनं बोलायला आला नव्हता. दुपारी भरणं सुरू व्हायच्या आधी त्यांनी बारवेत पाहिलं. पाणी आठव्या पायरीच्या काठाशी होतं. "रोज इतकंच असतं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं. साहेबांनी वहीत हिशेब केला. आठव्या पायरीशी बाजू सोळा फूट, म्हणजे वरचं क्षेत्रफळ दोनशे छप्पन्न. तळाशी जवळजवळ शून्य. सरासरी एकशे अठ्ठावीस. खोली आठ फूट. एक हजार चोवीस घनफूट. एका टँकरात साडेतीनशे घनफुटांहून थोडं जास्त पाणी मावतं. भागून त्यांनी मान वर केली. "म्हणजे तीन टँकर. टँकर तीनच येतात, बाईंचं मोजण्यात चुकतंय."

सोमवारपासून आईनं यायचं नाही असं ठरलं. घरी येऊन ती म्हणाली, "बरं झालं. आपण बी फडावर जाऊ. परीक्षा पुढच्या साली दे." तिनं गाठोडं बांधायला काढलं. पुढच्या सालापर्यंत कुणी थांबत नसतं हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत मी सरांच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ते धीर देतील. त्यांनी फक्त विचारलं, "साहेबांनी सरासरी कशाची घेतली? बाजूची का क्षेत्रफळाची?"

"क्षेत्रफळाची, सर."

"आणि खालच्या सहा पायऱ्या?"

"त्याचं काही बोललेच नाहीत."

सर दोन मिनिटं बाजेवर बसून राहिले. बोटं हलत होती, तोंडानं जर्ब-तक्सीम. मग उठून जाकीट घातलं आणि एकदम एस.टी.च्या फाट्याकडं निघाले. मी मागं धावले. "सर, आज सराव परीक्षा आहे."

"मुख्याध्यापकांना सांगा, मी गणिताच्याच कामाला गेलोय."

अंबडला काय झालं ते पुढं इंजिनिअर साहेबांनीच हसून सांगितलं. सर त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत, आणि म्हणाले, "साहेब, त्रिकोण एका बाजूनं रुंदावतो, त्याला सरासरी चालती. चौकोन दोन्ही बाजूंनी रुंदावतो, त्याला चालत न्हाई. तुमच्या सरासरीनं एका बाईची भाकरी गेली. एक दिवस तीन टँकर तुमच्या डोळ्यापुढं सोडा. पाणी कुठल्या पायरीला लागेल ते मी आधी लिहून देतो. चुकलो तर गावापुढं शेवंताबाईची माफी मी मागतो आणि शाळा सोडतो."

साहेब कबूल झाले. मला वाटतं त्यांनाही शंका आली असावी. नाहीतर इतक्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या मास्तराला कुणी हो म्हटलं नसतं.

शुक्रवारी सकाळी बारवेवर निम्मं गाव लोटलं. सरपंच, मुख्याध्यापक, आमचा वर्ग, वस्तीतली माणसं. आदल्या संध्याकाळीच तळाचं गढूळ पाणीही उपसून बारव कोरडी केली होती. सरांनी शाळेचा गुंडाळायचा फळा कठड्याला टांगला, खिशातून चुन्याच्या डबीतला खडू काढला आणि माझ्यापुढं धरला.

"अहो चार नंबर. या."

मी म्हणाले, "सर, तुम्ही करा."

"मी केलं तर मास्तरचं गणित होईल. भाकरी तुमच्या घरची गेलीय. या."

मी खडू घेतला, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. सरपंचांच्या मुलानं मागून हळूच म्हटलं, "बारापासून सुरू कर." त्या एका वाक्यानं मला बळ आलं. मी फळ्यावर लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं सांगत गेले. खालचे सहा फूट पायऱ्या नाहीत, उतार आहे. त्याच्या वरच्या टोकाला बाजू बारा फूट. तिथं सहा पायऱ्या असत्या तर तीनशे चौसष्ट घनफूट पाणी मावलं असतं. पायऱ्या बारा पाडल्या तर तीनशे पंचवीस. साठ पाडल्या तर दोनशे पंच्याण्णव.

कठड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "पोरी, हे असं कमी कमी किती होत जाणार?"

हाच प्रश्न मी दोन महिन्यांपूर्वी वहीत शंभरदा सोडवला होता. मी एन पायऱ्या पाडल्या, वर्गांच्या बेरजेचं सूत्र घातलं. एकशे चव्वेचाळीस, गुणिले एक अधिक एक छेद एन, गुणिले दोन अधिक एक छेद एन. "एन मोठा होत गेला, काका, की एक छेद एन विरून जातं. मग उरतं एकशे चव्वेचाळीस दुणे. दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्याच्या खाली जात नाही."

"मंग बराबर," म्हातारा म्हणाला. त्याला किती कळलं माहीत नाही, पण त्यानं मान डोलावल्यावर बाकीच्यांनीही डोलावली.

पुढचं सोपं होतं. उताराचे दोनशे अठ्ठ्याऐंशी, सातव्या पायरीचे एकशे शहाण्णव, आठव्या पायरीचे दोनशे छप्पन्न. सातशे चाळीस. आणि दोन टँकर म्हणजे सातशे सहा. तीन म्हणजे एक हजार एकोणसाठ.

सर खडू घेऊन पायऱ्या उतरले. सहाव्या पायरीच्या वर चार इंचांवर खूण करून लिहिलं, १. आठवीच्या काठाखाली दोन बोटं सोडून लिहिलं, २. नवव्या पायरीच्या अगदी काठाला लिहिलं, ३. मग वर बघून म्हणाले, "साहेब, तुमची खूण?"

इंजिनिअर साहेब फळ्याकडं टक लावून बघत होते. ते खाली आले आणि आठव्या पायरीच्या काठाला ३ लिहिलं. त्यांचा हात मात्र जड पडलेला मला दिसला.

पहिला टँकर आठच्या सुमारास आला. नळी सुटली. पाणी उतारावरून गोल फिरत चढत गेलं. टँकर रिकामा झाला, पाणी शांत झालं, आणि सहाव्या पायरीवर चढून खडूच्या एकच्या पोटाशी येऊन थांबलं. माणसं आपोआप पुढं सरकली. आईनं कोळशानं रेघ ओढली.

दुसरा टँकर यायला तास-दीड तास लागला. कुणी घरी गेलं नाही. दुसऱ्या टँकरचं पाणी सातवी पायरी गिळून वर आलं आणि आठव्या पायरीच्या काठाला दोन बोटं कमी पडून थांबलं. जिथं रोज थांबायचं तिथंच. तीन आठवडे सगळं गाव ज्या पाण्यात घागर बुडवत होतं, ते पाणी दोन टँकरांचं होतं, हे तेव्हाच उघड झालं. सरपंच खाली बघत होते. गर्दीत मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "तिसरा ठेकेदार मोसंबीच्या बागेला विकतो, म्या सांगितलं नव्हतं का?" त्यानं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तरी तिसरा टँकर बघायचाच होता. ड्रायव्हरनं "डिझेल न्हाई" म्हणून बघितलं. साहेबांनी आपल्या जीपमधला डबा दिला. बारा वाजून गेल्यावर तिसरा टँकर आला. पाणी आठव्या पायरीवरून पलीकडं गेलं, साहेबांनी लिहिलेला ३ बुडाला, आणि पाणी चढतच राहिलं. शेवटी नळीतून नुसतं थेंब थेंब गळायला लागलं. सर नवव्या पायरीवर उकिडवे बसले होते, चष्मा पाण्याला टेकेल इतके वाकून.

"ज्वारीच्या दाण्याइतकं कमी हाय," ते म्हणाले. "टँकरला तळाशी थोडं राहिलं असंल."

गर्दीतून जो आवाज उठला तो मी नंतर कधी ऐकला नाही. पोरं नाचत नव्हती, कुणी घोषणा दिल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम सोडलेला श्वास होता तो, आणि मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. आईनं कठड्यावर तिसरी रेघ ओढली. ती रेघ तिनं इतकी दाबून ओढली की कोळसा मोडला.

सरपंच तिच्याजवळ गेले. म्हणाले, "शेवंताबाई, तुम्ही म्हणाल तसं. पाणी सुरू करा."

गावात तिला शेवंताबाई म्हणणारे ते सरांनंतरचे पहिलेच.

साहेबांनी तिथंच फळ्याचा आकडा आणि खडूच्या खुणा वहीत उतरवून घेतल्या. पंधरा दिवसांत ठेकेदार बदलला. लगेचच्या शनिवारी साहेब स्वतः शाळेत आले, आमच्यामागच्या बाकावर बसले आणि सरांना म्हणाले, सुरुवातीपासून दाखवा. सरांनी दोन तास दाखवलं. पट्ट्यांपासून. साहेब म्हणाले, "आम्हाला कॉलेजात थेट दोन ओळींची रीत शिकवली होती." सर म्हणाले, "तुमची चूक न्हाई." मग म्हणाले, "अहो साहेब, आता फळ्याकडे या." साहेब उठून गेले. आम्ही नऊ जण हसू दाबत बसलो.

मुख्याध्यापकांनी मेमोचा कागद फायलीतून काढून सरांच्या हातात दिला. सरांनी त्याच्या कोऱ्या जागेवर दुसऱ्या दिवशीच्या तासाचं गणित मांडलं. निकालात आम्ही नऊच्या नऊ जण गणितात पास झालो, सरपंचांचा मुलगा माझ्या पाच मार्क पुढं. मी पुढं पाटबंधारे खात्यात लागले. तलावाच्या पाण्याचा अंदाज काढताना आजही मी आधी पट्ट्या पाडते, मग सूत्र लावते. माझ्या हाताखालच्या पोरांना ते संथ वाटतं.

त्या साली, परीक्षेच्या आधी, बुडालेल्या खेपा भरून द्यायच्या असा हुकूम निघाला, आणि मार्चच्या सुरुवातीला गावाला काही दिवस रोज चार टँकर आले. पहिल्या दिवशी चौथा टँकर रिकामा झाला तेव्हा पाणी दहाव्या पायरीच्या जवळ गेलं होतं. ओळ संपली, शेवटच्या घराच्या घागरी भरल्या, आणि बारवेत पाणी उरलं. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच.

आईनं आमच्या दारासमोर दगड मांडला आणि मला बसवलं. तीन महिने आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसत होतो, केसांत धूळ गच्च बसली होती. दुसऱ्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. तिनं शिकेकाई लावून केस चोळले आणि डोक्यावरून तांब्या ओतला. पाणी मानेवरून पाठीवर, पाठीवरून मातीत गेलं. मी सवयीनं उठायला लागले.

तिनं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"बस. आज पाणी हाय," आई म्हणाली, आणि दुसरा तांब्या भरून ओतला.